तांबडी मेली कशानं?

आजारपणानं मरण्याचा मान गावाकडच्या कोंबडीला सहसा मिळत नाही. ती जरा मलूल दिसली, पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, दाणे टाकले तरी उठेना, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, डॉक्टरला दाखवू. दुसरा म्हणतो, मसाला वाटायला घ्या. पहिल्या पक्षात घरातली लहान मुलं असतात, आणि लहान मुलांना मताधिकार नसतो. मग कोंबडी मरायच्या आत कापली जाते, रात्रीपर्यंत निम्मा पुरावा पोटात जातो, उरलेला कुत्री पळवतात आणि ‘तिला झालं तरी काय होतं?’ हा प्रश्न एका ढेकरात निकाली निघतो. राहुरीला 1968 पासून कृषी विद्यापीठ आहे, तालुक्यात जनावरांचे दवाखाने आहेत. तरी आमच्या आळीत आजवर एकाही कोंबडीच्या मरणाचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. साक्षीदार भरपूर होते, पण ते सगळे जेवलेले होते.

आक्कांची तांबडी या नियमातून सुटली, कारण आजारी पडायला तिनं श्रावण गाठला. गटारीच्या रात्री आळीत जे झालं ते झालं. दुसऱ्या दिवसापासून सुऱ्या धुऊन फळीवर गेल्या आणि गळ्यात माळ नसलेल्यांनीही माळकऱ्याचा चेहरा धारण केला. मसाल्याच्या पक्षानं राजीनामा दिल्यामुळं तांबडीला आयुष्यात पहिल्यांदा औषधपाणी मिळालं. आक्कांनी हळद-लसणाची गोळी करून तिच्या चोचीत कोंबली. शेजारच्या तात्यांनी ताक सुचवलं. आक्कांचा भाचा मेडिकलमध्ये गेला. दुकानदारानं पेशंटचं वय विचारलं, हा म्हणाला दीड वर्ष. वजन विचारलं, हा म्हणाला दोन किलो. दुकानदारानं चष्म्यावरून बघत सांगितलं, “अरे, गोळ्या काय मागतोस? बाळाला आधी नगरला हलवा!”

तांबडीनं कशालाच दाद दिली नाही. हिरवट-पांढरी हगवण लागली, श्वासाला घरघर लागली, एक पंख लोंबू लागला. शेवटी मान वळून पाठीवर गेली. तिला पुढं जायचं असायचं आणि ती मागं मागं जायची. नागपंचमीच्या पहाटे ती गेली.

आणि इथं खरी पंचाईत झाली. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही आणि जमीनही खणायची नाही. म्हणजे तांबडीला फाडून बघता येईना आणि पुरताही येईना. आक्कांनी तिच्यावर डालगं उपडं घातलं, वर दगड ठेवला आणि प्रकरण दुसऱ्या दिवसावर गेलं. भाजी चिरायची नाही म्हणून बायकांना सवड होती, औत धरायचं नाही म्हणून पुरुषांना सवड होती. चुलीवर दिंडं उकडेपर्यंत अख्खी आळी तपासाला लागली.

पहिला संशय नजरेवर गेला. चार दिवसांपूर्वी पंचमीच्या बांगड्या भरायला कासारीण आली होती आणि ती अंगणात बसून म्हणाली होती, “आक्का, तांबडी लई गुटगुटीत झालीय हां!” एवढा पुरावा आळीला पुरेसा होता.

दुसरा संशयित बिबट्या. राहुरी, संगमनेर, अकोले या पट्ट्यात हल्ली काहीही झालं तरी ते बिबट्याच्या नावावर खपतं. पोरगं शाळेला गेलं नाही, बिबट्या. पाणी द्यायला रात्री शेतात गेलं नाही, बिबट्या. खून करायला तो आला नसेल तर तांबडी त्याच्या भीतीनं मेली असेल, असं तात्यांचं म्हणणं. बिबट्याच्या बाजूनं एवढंच सांगतो की, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शिवारातल्या बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या जेवणाचा हिशेब मांडला, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आळीतली कुत्री जागेवर होती. शिवाय बिबट्या कोंबडी मारून मालकाच्या हवाली करून जात नाही.

तिसरं मुंगूस. शिंगणापूर आम्हाला जवळ. तिथं घरांना दारं नाहीत, कारण चोराला शनीचं भय आहे. मुंगसाला साडेसाती ठाऊक नसल्यामुळं आमच्याकडं घराला नसलं तरी चालेल, पण खुराड्याला दार लागतं. मात्र मुंगूस मान तोडतं. मान वळवून ठेवण्याची कलाकुसर त्याच्याकडं नाही.

चौथं नाव कुणी उघड घेतलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. बांधापलीकडचे भाऊसाहेब. आक्कांचा आणि त्यांचा बांधाचा वाद दोन पिढ्यांचा. गेल्या आठवड्यात त्यांनी सोयाबीनवर फवारणी केली होती, आणि फवारणी करताना ते हसत होते, असं पाहणाऱ्यानं शपथेवर सांगितलं. आक्कांनी ताबडतोब अंगणातून, कुणाचंही नाव न घेता, पण बांधापलीकडं नीट ऐकू जाईल अशा बेतानं, मुक्या जिवावर विष घालणाऱ्यांचं पुढं काय होतं ते सांगायला सुरुवात केली.

मग तरुण मंडळी मोबाईल घेऊन आली. एकाच्या मते टॉवर, दुसऱ्याच्या मते बर्ड फ्लू. बर्ड फ्लूचं नाव निघताच आवाज आपोआप खाली आले, कारण त्या नावाला वजन आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकड्यांनी कोंबड्या पडल्या आणि नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. त्याच महिन्यात तो झाबुआतल्या ज्या फार्ममध्ये शिरला, तिथं महेंद्रसिंह धोनीनं कडकनाथची दोन हजार पिल्लं सांगून ठेवली होती. ती ऑर्डर बारगळली. म्हणजे धोनीलाही न सोडणारा रोग. पण त्याची रीत घाऊक असते. खुराड्यात पटापट माना टाकायला लागल्या तर वेळ न घालवता पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं, आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवायचं नाही, हे शहाणपण तेव्हापासूनचं. भाचा म्हणाला, “मग 1962 ला फोन लावू, जनावरांची ॲम्ब्युलन्स येते.” तात्या म्हणाले, “त्या साली काय झालं होतं ठाऊक आहे ना? नको.”

डॉक्टर आले ते संध्याकाळी, तात्यांच्या गायीची दगडी बघायला. पाचशे रुपयांच्या कोंबडीसाठी डॉक्टरला बोलावणं बरं दिसत नाही. लाखाची गाय दाखवून झाल्यावर “जाता जाता जरा ही कोंबडी” असं म्हणायचं असतं. आमच्याकडं बऱ्याच घरांत माणसांनाही याच पद्धतीनं दाखवतात: नातवाला सर्दी म्हणून न्यायचं आणि तिथं गेल्यावर आजीनं आपला गुडघा पुढं करायचा.

डॉक्टरांनी डालगं उचलून पाहिलं आणि म्हणाले, “उघडून बघायला पाहिजे.”

“आज?” आक्का ओरडल्या. “पंचमीला?”

“मग उद्या सकाळी दवाखान्यात आणा. पण अशीच ठेवू नका, कुजेल. फ्रीजरमध्येही नको, गोठली तर आतलं काही नीट कळत नाही. दोन पिशव्यांत घालून बर्फात ठेवा.”

आक्कांचा फ्रीज पहिल्या फेरीतच बाद झाला. श्रावणात, नैवेद्याच्या दुधाशेजारी कोंबडी? तात्यांचाही फ्रीज नेमका तेव्हाच बिघडला. शेवटी मासेवाल्याचा थर्माकोलचा डबा मिळाला. श्रावणात तो बिचारा रिकामाच होता. हातात मेणकापडाच्या पिशव्या चढवून भाच्यानं तांबडीला आत ठेवलं आणि सकाळी दवाखान्यासमोर आमची आळी डब्याभोवती उभी राहिली.

कोंबडीचं कसलं पोस्टमॉर्टेम, म्हणून काही लोक हसलेच. हसू नये. जगाचं निम्मं वैद्यक कोंबडीच्या उपकाराखाली आहे. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या आवारातल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले, पण जंतू काही सापडेना. मग एक दिवस कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं की, लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा पांढराशुभ्र भात त्यांना घातला जात होता. नवा आचारी आला आणि त्यानं लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक असतं, हा शोध तिथून निघाला. आइकमानला 1929 साली नोबेल मिळालं. नियमावर बोट ठेवणाऱ्या आचाऱ्याला काही मिळालं नाही, पण सरकारी नोकरीत ते अपेक्षितही नसतं. प्रयोगशाळेत जंतू दुबळे करून केलेली पहिली लससुद्धा कोंबडीच्याच कॉलऱ्याची, लुई पाश्चरची, 1880 च्या सुमाराची.

डॉक्टरांनी हातमोजे घातले, तांबडी औषधाच्या पाण्यात बुडवून काढली, म्हणजे पिसं आणि धूळ उडत नाही. तिला उताणी केली, मांड्या खुब्यातून मोडून फळीवर सपाट बसवल्या आणि कातडी सोलून पोट उघडलं. इथपर्यंत आक्का गप्प होत्या. मग त्यांना राहवेना.

“साहेब, मी हिकडून घेते. हात चांगला बसतो.”

डॉक्टरांनी वर पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं, या बाईनं त्यांच्यापेक्षा जास्त कोंबड्या उघडल्या आहेत. त्यानंतर तपासणी दोघांनी मिळून केली. डॉक्टर ‘यकृत’ म्हणत, आक्का ‘कलेजी’ म्हणत. डॉक्टर फुप्फुसं बघत, आक्का “ती आम्ही टाकून देतो” म्हणत. पेठा उघडला तेव्हा त्यात मक्याचे चार दाणे, खडे, ब्लाउजचा एक हूक आणि हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. ‘कासारीण!’ अशी कुजबुज झाली. पण काच खड्यांत घासून घासून पार गुळगुळीत झालेली, धार अशी नव्हतीच. कासारीण निर्दोष सुटली. उग्र वासाचं, फवारलेलं, रंगवलेलं बियाणं काहीच निघालं नाही, आणि विषानं कोंबडी तीन-तीन दिवस अशी मान वळवत बसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊसाहेबही सुटले. आक्कांना हे फारसं आवडलं नाही.

मग डॉक्टरांनी पेठ्याच्या अलीकडची, बोटाच्या पेराएवढी पिशवी उभी चिरली. एरवी ही पिशवी आक्का कापून उकिरड्यावर भिरकावतात. आतल्या बाजूला बारीक बारीक उंचवटे होते आणि जवळजवळ प्रत्येक उंचवट्याच्या टोकावर रक्ताचा एक टिपका होता. डॉक्टर म्हणाले, “हे बघा.”

पण आक्का दुसरीकडंच बघत होत्या. पाठीच्या कण्यालगत न घातलेल्या अंड्यांचा घड होता. मोठा बलक, मग त्याहून लहान, मग वाटाण्याएवढे, मोहरीएवढे. बलक नरम पडलेले, रक्ताळलेले. आक्का हवेत बोट फिरवून मोजत होत्या. “हे सोमवारचं, हे बुधवारचं, हे शुक्कीरवारचं…” आमच्याकडं रश्शातल्या या घडासाठी भावाभावांत भांडणं होतात. त्या सकाळी कुणाला त्याची आठवण झाली नाही.

“पक्कं कागदावर हवं असेल,” डॉक्टर म्हणाले, “तर नमुना पुण्याला औंधला पाठवावा लागेल. पण वळलेली मान, हिरवी हगवण आणि हे टिपके, म्हणजे राणीखेत. तुम्ही मानमोडी म्हणता ती.”

“राणीखेत हे कुणाचं शेत?”

“गाव आहे, आक्का. हिमालयाकडं, कुमाऊंत. थंड हवेचं ठिकाण.”

हा रोग 1926 साली इंग्लंडात न्यूकॅसलला आणि जावा बेटावर ओळखला गेला आणि लगेच पुढं राणीखेतला सापडला, हे डॉक्टरांनी सांगितलं. साहेब लोकांनी तिकडं त्याला न्यूकॅसलचं नाव दिलं, आपण राणीखेतचं. उभ्या आयुष्यात उकिरड्यापलीकडं न गेलेल्या तांबडीला एकाच वेळी इंग्लंड आणि हिमालय घडला.

“पर एवढ्या लांबून आला कसा?” आक्कांचा प्रश्न रास्त होता.

“एसटीनं,” तात्या म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “गेल्या पंधरा दिवसांत बाहेरून नवीन कोंबडी आणली होती का?”

इतका वेळ मोबाईलवर शूटिंग करणारा भाचा एकदम आपल्या चपलेकडं बघायला लागला. हळूहळू जबानी बाहेर आली. गटारीसाठी त्यानं बाजारातून एक कोंबडा आणला होता. स्वस्तात मिळाला. जरा पेंगत होता, शिंकत होता. विकणारा म्हणाला, प्रवासानं दमलाय. दोन दिवस अंगणात बांधला होता. पाणी तांबडीच्याच वाडग्यातून पीत होता.

“मग तो कोंबडा कुठं आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

आळीनं एकमेकांकडं पाहिलं. त्या रात्री रस्सा झकास झाला होता, यावर तेव्हा सगळ्यांचं एकमत होतं. गुन्हेगार फरार नव्हता, पचला होता.

हा विषाणू शिजवल्यावर मरतो, त्यामुळं खाणाऱ्यांना काही झालं नाही. पण कोंबड्याची पिसं, आतडी आणि धुतलेलं पाणी उकिरड्यावर गेलं होतं, आणि उकिरडा उकरणं हा तांबडीचा पूर्णवेळ व्यवसाय होता. रोग अंगात शिरल्यावर साधारण पाच-सहा दिवसांत लक्षणं दिसतात. कोंबडा अंगणात बांधला त्या दिवसापासून मोजा, हिशेब जवळपास बसतो. घरात येणारं पाखरू दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं, एवढाच नियम. पण गटारीचा कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवायला लागलो तर गटारी गणपतीत येईल.

तांबडीला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. उरलेल्यांपैकी आणखी दोघी गेल्या. विषाणूला औषध नाही, मेडिकलची कॅप्सूल त्याला गुदगुल्याही करत नाही. त्याला अडवणारी एकच गोष्ट, लस. ती काही आकाशातून आणायची नव्हती. लासोटा नावाच्या या लशीचा एक थेंब डोळ्यात टाकला की झालं, आणि अख्ख्या बाटलीची किंमत एका गावठी कोंबडीपेक्षा कमी.

घोळ बाटलीत आहे. बाटली शंभर डोसांची. एकदा पाणी घालून कालवली की बर्फात ठेवून तास-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. आक्कांकडं उरल्या चार कोंबड्या. चार कोंबड्यांसाठी शंभर डोस कोण आणणार? आणि म्हणून कुणीच आणत नाही. आठ घरांनी एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात परतल्या की, एकत्र यायचं जमत नाही, एवढ्या एका कारणासाठी दर वर्षी आळीतल्या कोंबड्या मरतात. तांबडी राणीखेतनं मेली हे डॉक्टरांचं निदान. माझं म्हणणं, ती असहकारानं मेली.

आणि हे कोणत्या जिल्ह्यात? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी जिथं 1950 साली शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला त्या जिल्ह्यात. जिथं हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून पाणी जिरवून दाखवलं, त्या जिल्ह्यात. ऊस, दूध, ठेवी, मतं, सगळं आम्ही एकत्र करतो. कोंबड्या म्हटलं की प्रत्येकाचं वेगळं.

तरी आक्कांनी बैठक बोलावली. एकजण म्हणाला, गावठीला लस लागतच नाही, ती काटक असते. (त्याच्या पाच मेल्या होत्या.) दुसऱ्यानं कोंबड्यांचा आकडा सांगायला नकार दिला, आज आकडा घेतील, उद्या पट्टी लावतील. तिसऱ्यानं उरलेले डोस कुणाला फुकट मिळणार, हे आधी ठरवायला सांगितलं. बेरीज केली तर सगळ्यांच्या मिळून जेमतेम सत्तर भरल्या. शंभरी गाठायची तर बांधापलीकडच्या भाऊसाहेबांच्या तेहतीस लागणार होत्या. आक्का पदर खोचून स्वतः बांध ओलांडून गेल्या. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण भाऊसाहेब तयार झाले. एकच अट घातली: समितीचा अध्यक्ष मी.

आक्कांनी हे अर्थातच मान्य केलं नाही. दोन दिवसांत कुक्कुट लसीकरणाचे दोन पॅनल उभे राहिले. आक्कांच्या पॅनलची निशाणी कपबशी, भाऊसाहेबांची छत्री. प्रचाराचा मुद्दा एकच, आमच्याकडं लस मोफत. दोन्ही पॅनलनी आपापली बाटली आणली, आपापल्या चहाच्या थर्मासात बर्फ घातला आणि एकाच संध्याकाळी दोन्ही टोकांकडून आळी पिंजून काढली. एकशेतीन कोंबड्या, दोनशे डोस. एकही खुराडं सुटलं नाही. डॉक्टर म्हणाले, इतकं चोख लसीकरण त्यांनी तालुक्यात पाहिलं नव्हतं.

चारदोन कोंबड्यांनी दोन्ही पॅनलकडून घेतलं, असं नंतर उघडकीला आलं. आमच्याकडं त्याला कुणी गुन्हा मानत नाही.